राक्षसाचा अभ्यास

कॉलेजात एका कादंबरीवर निबंध लिहायचा होता, दोन हजार शब्दांचा. त्याची भीती नव्हती. तेवढं तर मी दिवसभर मोबाइलवर बडवतो. घाम फोडला तो त्याआधी द्यायच्या दोनशे शब्दांच्या प्रस्तावानं. म्हणजे आपण काय लिहिणार आहोत, ते लिहायच्या आधीच लिहून द्यायचं! मला लिहिल्याशिवाय काय म्हणायचंय ते कळत नाही आणि मॅडमना ते कळल्याशिवाय मला लिहायची परवानगी नाही.

कादंबरी मी मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' घेतली. शास्त्रज्ञ राक्षस घडवतो आणि तो त्याच्यावरच उलटतो, ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा वाचायचे कष्ट वाचतील, एवढाच शुद्ध हेतू. पहिल्या प्रस्तावाला शीर्षक दिलं, 'विज्ञान : शाप की वरदान'. हो, तेच. शाळेत या विषयानं मला कधी दगा दिला नव्हता.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "यात फ्रँकेन्स्टाइन कुठं आहे?"

"आहे ना मॅडम, शेवटच्या ओळीत. तो राक्षस—"

"फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचं आडनाव. राक्षसाला नावच नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. तो खोकला सर्दीचा नव्हता.

दुसरा प्रस्ताव : 'राक्षसाचा एकाकीपणा'. कागद परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं दोनच शब्द होते : 'मग काय?' मग काय म्हणजे? एकाकी आहे बिचारा, अजून काय व्हायला हवं त्याचं? मॅडम म्हणाल्या, "एकाकी आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. कुणी तुझ्याशी भांडू शकेल असं काहीतरी म्हण." जन्मभर 'भांडू नकोस' ऐकत आलो आणि आता मार्क भांडणालाच!

चिडून तिसरा प्रस्ताव जड केला. कादंबरी 1818 साली लेखिकेच्या नावाशिवाय निघाली, 1831 च्या आवृत्तीत तिनं बरेच बदल केले. पहिल्या आवृत्तीत नायकाची आतेबहीण असलेली एलिझाबेथ दुसरीत सांभाळायला आणलेली अनाथ मुलगी झाली. या सगळ्या बदलांचा मी आढावा घेणार होतो. सगळ्या. मॅडमनी विचारलं, "किती वर्षं लागतील?"

शेवटी नाइलाजानं मी तो मार्ग पत्करला, जो इतके दिवस टाळत होतो. कादंबरी वाचली.

आणि मध्यावर राक्षसानं माझी पार लाज काढली. हा गडी एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीतल्या फटीतून शेजारच्या कुटुंबाकडे बघतो. तिथं एका परदेशी मुलीला भाषा शिकवतात, ती हा पलीकडून चोरून शिकतो. पुढे रानात त्याला एक चामडी पेटी सापडते. आत कपडे आणि तीन पुस्तकं : मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' (देवानं घडवलेला पहिला माणूस आदम आणि स्वर्गातून हाकललेला सैतान यांचं महाकाव्य), प्लुटार्कच्या चरित्रांचा एक खंड आणि गटेची वेर्थरवरची कादंबरी. गाइड नाही, नोट्स नाहीत, वर्गात प्रवेशही नाही. तरी हा आपल्या निर्मात्याला गाठून तोंडावर सुनावतो, की मी तुझा आदम असायला हवा होतो, पण झालोय तो स्वर्गातून पडलेला देवदूत.

एका वाक्यात! मुद्दा आहे, मुद्द्याला पुस्तकाचा आधार आहे आणि भांडायला माणूस समोर उभा आहे. ज्याला नाव नाही त्याच्याकडे प्रस्ताव तयार, आणि माझ्या कागदावर वर ठळक अक्षरांत नाव, खाली सगळी सामसूम.

त्या रात्री चौथा प्रस्ताव लिहिला : राक्षस स्वतःला राक्षस समजतो ते केवळ आरशामुळे नाही (खरं तर डबक्यातल्या पाण्यामुळे, आरसा बिचाऱ्याला कुठला), तर त्या पेटीतल्या तीन पुस्तकांमुळेही. त्याच्या रागाला शब्द आणि दाखले वाचनानं पुरवले. लिहिताना पहिल्यांदाच वाटलं, यावर कुणीतरी भांडेल. निदान मागच्या बाकावरचा तो खोकणारा तरी.

मॅडमनी वाचलं. पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. 'तीन पुस्तकांमुळे' याभोवती गोल काढून लिहिलं, 'एकच घे.' मग चष्मा खाली आला. "दोन हजारच शब्द आहेत रे. मिल्टन घे. वाचलाय ना?"

मान माझी होकारार्थी हलली, ती मी हलवली नव्हती.

बारा सर्ग. दहा हजारांहून जास्त ओळी. राक्षसाला ते रानात पडलेलं सापडलं. मला ग्रंथालयात सही करून घ्यावं लागलं.