मावशीची पाव गोळी

"अगं, अमॉक्सिसिलिनची पाव गोळी तोडून ठेवलीय. जिभेखाली धरते. अर्धा तास काही झालं नाही तर ॲलर्जी गेली म्हणायची ना?" परवा मावशीचा फोन. लहानपणी कधीतरी तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, तेव्हापासून केसपेपरवर 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलेलं; अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं अँटिबायोटिक. आता 'पेनिसिलिनच्या ॲलर्जीबद्दल डॉक्टर सांगणार नाहीत अशा पाच गोष्टी' हा फॉरवर्ड तिच्यापर्यंत पोचलाय.

पाव गोळी हा त्यातला चौथा मुद्दा. पण आधी तोच घेते, कारण बाकीच्यांनी निदान लगेच जीव जात नाही.

खरी ॲलर्जी असेल तर पाव गोळीसुद्धा पुरते. घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो, तेही काही मिनिटांत. गोळी देऊन तपासणी डॉक्टरही करतात, हे खरं. पण आधी जुनी हकीकत खोदून विचारतात, धोका कमी असेल तरच गोळी देतात, नंतर नजरेसमोर बसवून ठेवतात आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी असतं. मावशीच्या हाताशी मोबाइल होता. शिवाय अर्धा तास निभावला म्हणजे सुटलो असंही नाही. काही पुरळं दिवसांनी उठतात. आणि ज्यांची त्या औषधाने कातडी सोलवटली होती, तोंडात-डोळ्यांत फोड आले होते, त्यांच्यावर असा प्रयोग दवाखान्यातही करत नाहीत.

पहिला मुद्दा म्हणे 'एकदा ॲलर्जी ती जन्मभर'. मग चौथ्यात ती गेली का हे कशाला तपासायचं? लिहिणाऱ्याने स्वतःचाच मजकूर वाचलेला दिसत नाही. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१९चा आढावा सांगतो की तातडीने उठणारी पेनिसिलिनची ॲलर्जी दहा वर्षांत ८० टक्के लोकांत ओसरते; आणि शिक्का असलेल्यांत खरी ॲलर्जी ५ टक्क्यांहूनही कमी जणांत सापडते. बाकीचे उगाच दुय्यम किंवा जास्त जहाल अँटिबायोटिक घेत राहतात.

दुसरा, ''सेफ'ने सुरू होणारं प्रत्येक औषध विष'. इथे थोडं मान्य करावं लागतं. अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांच्या रेणूची एक बाजू जवळपास सारखी असते, तिथे जपायलाच हवं. पण सेफॅझोलिनची बाजू वेगळीच आहे. एकूण हिशेब त्याच आढाव्यात आहे: पेनिसिलिनची ॲलर्जी सेफॅलोस्पोरिनला, म्हणजे या 'सेफ'वाल्या अँटिबायोटिकांनाही लागू पडते ती साधारण २ टक्के वेळा.

तिसरा, 'नावात पेनिसिलिन नसेल तर बिनधास्त घ्या'. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पिपेरॅसिलिन ही सगळी त्याच घरातली.

पाचवा, जुलाब म्हणजे ॲलर्जी. नुसते जुलाब हा दुष्परिणाम झाला, ॲलर्जी नव्हे.

मावशीने पाव गोळी फेकली. आता ती आजीच्या मागे लागलीय: पुरळ कितव्या डोसला उठलं, खाज होती का, श्वास लागला होता का. डॉक्टर आधी हेच विचारणार. आजीला मात्र एवढंच आठवतं की त्या वेळी घरात सगळ्यांनाच गोवर झाला होता.