महासत्तेचा सातबारा

महासत्ता व्हायचंय ना? मग आरमाराचं नंतर बघू, आधी पक्ष्यांच्या विष्ठेकडे लक्ष द्या. हसू नका. अमेरिकेने १८५६ साली तसा कायदाच केलाय. बिनताब्याच्या बेटावर ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, सापडलं की अमेरिकन माणसाने तिथे बसावं आणि राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने ते बेट देशाचं धरावं. बांध कोरायला असाच कोपरा निवडा. नाक दाबून भांडायला कोण येतोय?

हात बसला की मोठ्या तुकड्याकडे वळा. फेब्रुवारी १८९८ मध्ये स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात, हवाना बंदरात, ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. चौकशीत पाणसुरुंग ठरला, लावणारा ठरला नाही. स्पेनशी युद्धाला तेवढं पुरतं. मात्र ‘क्युबा आम्हाला गिळायचा नाही’ असा ठराव आधी करून ठेवा आणि शब्द पाळा. ठरावात स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्सचं नाव नव्हतं, ही काय तुमची चूक? तिथल्या लोकांनी १२ जूनला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डिसेंबरात पॅरिसला स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन त्यांचा देश अमेरिकेला लिहून दिला. कसणारं कूळ इकडे, खरेदीखत भलत्याच गावी! कूळ चिडलं, वर्षानुवर्षं लढलं. अशा लढ्याला दप्तरात ‘बंड’ लिहायचं असतं.

पनामा कोलंबियाचा, आणि तिथल्या कालव्याच्या जागेला कोलंबियाच्या सिनेटने नकार दिला? हुज्जत घालू नका, जागेचाच वेगळा देश होऊ द्या. ३ नोव्हेंबर १९०३ ला पनामा फुटून निघाला. किनाऱ्याशी अमेरिकेची युद्धनौका अगदी सहज उभी होती. पंधरा दिवसांत करार, आणि पनामाच्या वतीने सही एका फ्रेंच गृहस्थाची! कालव्याच्या कंपनीत त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले. पनामाची खरी माणसं वॉशिंग्टनला पोचली तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. हे मुखत्यारपत्र बघून आमच्या तालुक्याचा दुय्यम निबंधकही लाजला असता. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तीन वर्षांनी शांततेचं नोबेल मिळालं. ते रशिया-जपान तहाबद्दल होतं म्हणा, पण हार गळ्यात पडल्यावर कोण विचारतो?

आणि भाडं कधी थकवू नका. क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी नौदल तळाचा भाडेपट्टा १९०३ चा. १९३४ च्या करारानुसार दोघांची संमती झाल्याशिवाय, किंवा भाडेकरूने आपणहून सोडल्याशिवाय, तो संपत नाही. दादरच्या पागडीवाल्यांना कळेल यातलं सुख. भाडं वर्षाला ४,०८५ डॉलर. चेक नेमाने जात राहिले. क्युबातल्या क्रांतीनंतर एक वटवला गेला, तोही म्हणे गोंधळात. बाकीचे क्रांतीचे नेते फिडेल कास्त्रो यांनी टेबलाच्या खणात टाकले.