चित्राखालची कापलेली ओळ

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. वर चित्र आहे: जेवणाच्या टेबलावर पृथ्वीचा गोळा पुडिंगसारखा वाढलाय, डावीकडे ब्रिटनचा पंतप्रधान पिट, उजवीकडे चिमुकला नेपोलियन, आणि दोघंही आपापला वाटा कापून घेताहेत. हे जेम्स गिलरेचं १८०५ सालचं चित्र. त्याखालच्या मजकुराचा गोषवारा असा: ‘अठराव्या शतकात लंडनच्या वर्तमानपत्रांत अशी व्यंगचित्रं रोज छापून येत. गरिबातला गरीब माणूस ती विकत घेई. राजाची, पंतप्रधानाची कितीही टर उडवली तरी चित्रकाराला कोणी हात लावत नसे, आणि चित्रकारही कोणाला विकला जात नसे. कंपनीने भारतात केलेली लूटसुद्धा याच निर्भीड मंडळींनी, आपली बाजू घेऊन, चव्हाट्यावर आणली.’

हेतू चांगला असेल. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्या चुकांमुळे ज्यांनी खरोखर किंमत मोजली ती माणसं दिसेनाशी होतात. मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करते, म्हणून सुरुवात छपाईपासूनच करते.

वर्तमानपत्रं खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापली जात. खिळ्याचा उंच भाग शाई घेतो आणि कागदावर उमटतो. तांब्याच्या प्लेटचं नेमकं उलट असतं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या, पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. अ‍ॅसिड रेघांपुरतं तांबं खातं. मग शाई चोळून त्या खाचांत भरायची, वरची शाई फडक्याने आणि शेवटी तळहाताने पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून एवढ्या दाबाने न्यायचा की कागद खाचेत शिरून शाई उचलतो. एका प्रतीला ही सगळी उस्तवार. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून. जुन्या प्रतीच्या कडेवर बोट फिरवलं तर प्लेटच्या दाबाने बसलेली चौकट हाताला लागते. ही प्लेट आणि खिळे एकाच दाबात छापता येत नाहीत. म्हणून गिलरेची चित्रं वर्तमानपत्राच्या पानात येणं शक्यच नव्हतं. काही मासिकं अशा प्लेटा वेगळ्या छापून अंकात शिवत असत, तेवढीच जवळीक. बाकी सगळा व्यवहार सुट्या चित्रांचा, आणि तो चालायचा चित्रविक्रेत्यांच्या दुकानांतून: स्ट्रँडवर मॅथ्यू आणि मेरी डार्ली, सेंट पॉल्स चर्चयार्डात कॅरिंग्टन बोल्स, पिकॅडिलीत सॅम्युएल फोर्स, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर विल्यम हॉलंड. त्यांतल्या बोल्ससारख्यांकडे टवाळीची चित्रं आणि थोरामोठ्यांची व्यक्तिचित्रं शेजारी शेजारी टांगलेली असत.

आता ‘गरिबातला गरीब’. साध्या चित्राला सर्वसाधारणपणे एक शिलिंग, हाताने रंगवलेल्याला दोन. लंडनमधल्या बिगारी मजुराची दिवसाची कमाई तेव्हा साधारण दोन शिलिंग होती. म्हणजे एका रंगीत चित्रासाठी त्याने घरचा एक दिवसाचा शिधा बंद ठेवायचा. गिलरेच्या आधीच्या पिढीतला चित्रकार विल्यम होगार्थ याला ही अडचण कळली होती. क्रूरतेवरची त्याची १७५१ची चार चित्रं अगदी खालच्या थरापर्यंत पोचावीत म्हणून त्याने ती स्वस्तातल्या लाकडी ठशांवर कोरून घ्यायला सुरुवात केली. दोनच ठसे झाले. काम महाग पडलं आणि तो पुन्हा तांब्याकडे वळला.

मग गरिबांनी ही चित्रं पाहिलीच नाहीत का? पाहिली, आणि पुष्कळ पाहिली, पण दुकानाच्या खिडकीत. नवी चित्रं काचेआड टांगली की रस्त्यावर गर्दी जमायची. गिलरेच्याच १८०८च्या एका चित्रात हातात थर्मामीटर घेतलेला एक म्हातारा बर्फाळ फरसबंदीवर घसरून आपटलाय आणि मागे माणसं त्याच्याकडे पाठ करून दुकानाची खिडकी न्याहाळताहेत. श्रीमंतांसाठी आणखी एक सोय होती: फोर्स चित्रांनी भरलेले पोर्टफोलिओ एका संध्याकाळपुरते भाड्याने देत असे, पाहुण्यांच्या करमणुकीला. विकत घेणारा, भाड्याने नेणारा आणि काचेबाहेर उभा राहून पाहणारा हे तीन वेगवेगळे लोक होते, आणि तिसरा सर्वांत मोठ्या संख्येने होता. त्याला ‘ग्राहक’ म्हटलं की त्याच्या खिशातली तंगी आपण पुसून टाकतो.

‘कोणी हात लावत नसे’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला. जानेवारी १७९६मध्ये युवराजाला मुलगी झाली. गिलरेने बाळाच्या दर्शनाला आलेले फॉक्स आणि शेरिडन हे विरोधी नेते तिच्या ढुंगणाचं चुंबन घेताना दाखवले, आणि शीर्षकात येशूच्या जन्माला आलेल्या ज्ञानी पुरुषांचा संदर्भ दिला. त्याला ईशनिंदेच्या आरोपाखाली अटक झाली. खटला पुढे गेला नाही, हे खरं.

विल्यम हॉलंड मात्र सुटला नाही. मे १७९२मध्ये सरकारने राजद्रोही लिखाणाविरुद्ध जाहीरनामा काढला होता, फ्रान्समधल्या क्रांतीची धास्ती वाढत होती. क्रांतीची बाजू घेणाऱ्या टॉमस पेन या लेखकाचं एक पत्रक विकल्याबद्दल हॉलंडला १७९३च्या सुरुवातीला न्यूगेटच्या तुरुंगात एक वर्षाची कैद आणि शंभर पौंड दंड झाला. शिक्षा पत्रकासाठी होती, चित्रासाठी नव्हती, हे मुद्दाम सांगते. चित्रावर खटला भरणं सरकारला जड जाई, कारण ‘हा जाडा माणूस म्हणजे अमुक लॉर्ड’ हे आधी भर कोर्टात सिद्ध करावं लागलं असतं आणि बदनामी दुप्पट झाली असती. पण चित्रं आणि पत्रकं एकाच दुकानात विकली जात, त्यामुळे पत्रकावरून दुकानदार आत गेला की चित्रांच्या धंद्यालाही जरब बसे. हॉलंडसाठी काम करणारा रिचर्ड न्यूटन तेव्हा सोळाएक वर्षांचा पोरगा होता. त्याने त्याच वर्षी न्यूगेटमधले राजकीय कैदी आणि त्यांना भेटायला आलेली मंडळी फेरफटका मारताहेत असं चित्र काढलं. १७९८मध्ये राजाच्या तसबिरीवर खुशाल पादणारा इंग्रज सामान्य माणूस याच न्यूटनने रंगवला. त्याच वर्षी तो वारला, एकवीस वर्षांचा असताना.

आणि विकलं जाण्याबद्दल. साधारण १७९७पासून गिलरेला पिट सरकारकडून वर्षाला दोनशे पौंड मिळत होते. मध्यस्थी जॉर्ज कॅनिंगची. आपण गिलरेच्या चित्रात झळकावं म्हणून आधीपासून धडपडणारा हा तरुण राजकारणी. पैसे सुरू झाल्यावर गिलरेच्या हातातली धार गेली नाही, पण ती कोणाकडे वळलेली असायची हे त्या काळातली चित्रं एकापुढे एक ठेवली की दिसतं. जेम्स सेयर्सने पिटच्या बाजूने चित्रं काढली आणि त्याला पुढे आरामाची सरकारी जागा मिळाली. पुढच्या पिढीत, १८२०मध्ये, जॉर्ज क्रुकशँकला शंभर पौंड पोचले, राजाला ‘कोणत्याही अनैतिक प्रसंगात’ दाखवणार नाही या हमीबद्दल. अटकेने जे साधत नसे ते पैशाने साधता येई. मी गिलरेला यासाठी कमी लेखत नाही. त्याच्यासारखी रेघ दुसऱ्या कोणाला जमली नाही. पण त्याला ‘न विकला गेलेला’ म्हणणं म्हणजे त्याच्या आयुष्यातली खरी ओढाताण नाकारणं आहे.

भारताच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण आपल्याकडे हा मजकूर याच वाक्यामुळे एवढा पसरला. मे १७८६मध्ये गिलरेने कंपनीचा भारतातला माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज उंटावर बसलेला दाखवला, हातात ‘सन्मानाची ढाल’, आणि बर्क, फॉक्स, नॉर्थ हे विरोधी नेते त्याच्यावर तुटून पडलेले दरोडेखोर. शीर्षकात हेस्टिंग्ज ‘भारताचा तारणहार’! प्रकाशक हॉलंड, तोच पुढे तुरुंगात गेलेला. दोनच वर्षांनी, मार्च १७८८मध्ये, हेस्टिंग्जवरच्या महाभियोगाची सुनावणी नुकतीच सुरू झालेली असताना, याच गिलरेने लॉर्ड चॅन्सेलर थर्लो हेस्टिंग्जला खांद्यावर घेऊन रक्ताच्या समुद्रातून चाललाय असं काढलं. लाटांवर भारतीयांची प्रेतं तरंगताहेत, हेस्टिंग्जच्या हातात पैशाच्या थैल्या. दुसरं चित्र पाहताना आजही पोटात कालवतं. पण दोन्ही चित्रं एकाच हातची आहेत. यातली बाजू लंडनच्या राजकारणातली होती, आपली नव्हती.

सेयर्सचं डिसेंबर १७८३चं चित्र घ्या. तेव्हा मंत्री असलेल्या फॉक्सने कंपनीच्या कारभारावर संसदेने नेमलेले आयुक्त बसवणारं विधेयक आणलं होतं. सेयर्सने फॉक्सला ‘कार्लो खान’ करून हत्तीवर बसवलं, हत्तीला तोंड दिलं लॉर्ड नॉर्थचं, पुढे तुतारी फुंकत बर्क, आणि मिरवणूक निघाली लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीकडे. हे चित्र लोकप्रिय झालं, विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात पडलं, मंत्रिमंडळ गेलं. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. म्हणजे त्या काळातलं हे एक अत्यंत परिणामकारक चित्र कंपनीला लगाम घालणाऱ्या विधेयकाच्या विरोधात होतं.

आपल्या इतिहासाला थेट भिडणारं एक चित्रही आहे. मे १७९१मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणाच्या, वेशीवरून माघार घ्यावी लागली. पाऊस, उपासमार, मेलेली जनावरं, आणि ओढता येत नाहीत म्हणून फोडून टाकलेल्या तोफा. त्या माघारीतच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठी लष्कराच्या बाजारातलं धान्य इंग्रज सैन्याच्या तोंडी पडलं. गिलरेचं चित्र डिसेंबरात आलं: कॉर्नवॉलिस गाढवावरून पळतोय आणि तटावर उभा राहून टिपू त्याच्यावर मुततोय. ही चेष्टा इंग्रजी सेनापतीची आहे. त्यातून टिपूबद्दल किंवा मराठ्यांबद्दल आपुलकी काढायची असेल तर ती आपल्याला पदरची घालावी लागेल.

नेपोलियनचा बुटकेपणा गिलरेच्या चित्रांनी पक्का केला, असंही काही जण खाली लिहिताहेत. ते बरोबर आहे. प्रत्यक्षात त्याची उंची त्या काळच्या फ्रेंच माणसाला साजेशीच होती.

आता त्या फिरणाऱ्या चित्राकडे पुन्हा बघा. खालची कड, म्हणजे प्रकाशकाच्या नावाची आणि तारखेची ओळ, कापलेली आहे. १७३५मध्ये, मुख्यतः होगार्थच्या खटपटीमुळे, खोदचित्रांच्या हक्काचा कायदा झाला. चोरट्या नकलांनी तो इतका त्रासला होता की आपली नवी चित्रमालिका त्याने कायदा लागू होईपर्यंत अडवून धरली. या कायद्याने चौदा वर्षांचं संरक्षण दिलं, पण प्रत्येक प्लेटवर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरण्याची अट घातली. आज आपल्याला कुठलं चित्र कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानातून बाहेर पडलं हे कळतं ते त्या ओळीमुळे. होगार्थ स्वतःच स्वतःचा प्रकाशक होता. बहुतेकांना दुसऱ्याच्या नावाचा आधार घ्यावा लागे.

पुडिंगच्या चित्राखाली तारीख आहे २६ फेब्रुवारी १८०५, पत्ता २७, सेंट जेम्स स्ट्रीट, आणि नाव आहे एच. हम्फ्री. एच म्हणजे हॅना. अविवाहित बाई, स्वतःचं दुकान, १७९०च्या दशकापासून गिलरेचं जवळजवळ सगळं काम तिच्याचकडे. तो तिच्या दुकानाच्या वरच राहायचा. त्याची नजर अधू झाली, १८१०च्या सुमाराला मनाचा तोल गेला, हातून काम होईना, तेव्हाही तो तिथेच राहिला. त्याची देखभाल तिने केली. १८१५मध्ये तो त्याच घरात गेला आणि तीन वर्षांनी ती गेली. चित्र पुढे पाठवायचंच असेल तर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातली पूर्ण प्रत घ्या. तिचं नाव अगदी खालच्या कडेला, बारीक अक्षरात आहे.