‘दोन्ही नग सारखे नाहीत, वाकडे लोंबतात’ या परीक्षणाला आमचं उत्तर

नमस्कार,

चौकोन-वर्तुळाच्या चांदीच्या कानातल्यांना तुम्ही दोन तारे दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात: दोन्ही नग सारखे नाहीत, वाकडे लोंबतात, कोपरा स्कार्फमध्ये अडकतो आणि चमक नाही. यातल्या दोन आमच्या चुका आहेत, दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत.

वाकडं लोंबणं ही सगळ्यांत मोठी चूक. हे डिझाइन डच चित्रकार पीट मोंद्रियानच्या आडव्या-उभ्या रेषांच्या चित्रांवरून सुचलेलं आहे. त्यानं कॅनव्हास 45 अंशांत फिरवून टांगला, तेव्हासुद्धा आतल्या रेषा आडव्या-उभ्याच ठेवल्या. पानाफुलांच्या नक्षीत जरासा कल कुणाच्या लक्षातही आला नसता. इथे तो लगेच खुपतो.

कारण असं. पाटी 24 मिमी चौरस, पत्रा 0.8 मिमी. तिच्यावर त्याच पत्र्याची 10 मिमी व्यासाची चकती, पाटीच्या मध्यापासून 7 मिमी उजवीकडे आणि 7 मिमी खाली. तेवढ्या वजनानं गुरुत्वमध्य साधारण 0.8 मिमी उजवीकडे सरकतो. भोक मात्र आम्ही वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर, कडेपासून 2 मिमी खाली पाडलं. टांगलेली वस्तू गुरुत्वमध्य भोकाच्या थेट खाली येईपर्यंत फिरते, त्यामुळे पाटी चार अंशांहून थोडी जास्त कलते आणि खालच्या कडेचं उजवं टोक डाव्यापेक्षा जवळजवळ 2 मिमी खाली जातं. आमचा नमुना पुठ्ठ्याचा होता आणि त्यावर चकती नुसती रंगवलेली होती. तो अगदी सरळ लोंबला आणि आम्ही फसलो.

आता आधी चकतीला डाग देतो, म्हणजे तापवून ती पाटीला सांधतो. मग वरच्या कडेला मेणाच्या ठिपक्यानं दोरा चिकटवून पाटी सरळ लोंबेपर्यंत तो सरकवत नेतो आणि त्याच्या बरोबर खाली 1 मिमीचं भोक पाडतो. नुसत्या गणितावर भागत नाही, कारण सांधताना लावलेला टाकणखार (बोरॅक्स) तापल्यावर फुगतो आणि चकती अर्धा मिलिमीटर सहज हलते. तो फुगून खाली बसला की चिमट्यानं चकती जागेवर आणायची, मगच आच वाढवायची.

तुमच्या नगांत भोक नुसतं सरकवता येणार नाही. नवं भोक जुन्याला खेटून येईल आणि दोन्हींचं मिळून एक लांबट छिद्र होईल. म्हणून दोन्ही पाट्या नव्या करू.

कोपऱ्याची तक्रारही मान्य. कानस मारून कडा साफ केल्या, पण टोकं तशीच राहिली. प्रत्येक टोकाला 0.3 मिमीची गोलाई दिली, आधी बारीक कानस मग 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, की धागा अडकत नाही आणि हातभर अंतरावरून कोपरा टोकदारच दिसतो.

चमक मात्र वाढवणार नाही. बफच्या चाकावर धरलं की आरशासारखा उजाळा येतो खरा, पण कडा झिजून गुळगुळीत होतात आणि चौकोन वडीसारखा दिसू लागतो. शिवाय सपाट चकाकत्या पत्र्यावर बारीकशी लाटही उठून दिसते. त्यामुळे काचेवर पॉलिश पेपर पसरून पाटी एकाच दिशेनं घासलेली आहे. चांदी 92.5 टक्केच आहे, यात काही लपवाछपवी नाही.

आणि दोन नग सारखे नसण्याबद्दल: एकावर चकती आहे, दुसऱ्यावर तेवढ्याच व्यासाचं आरपार वर्तुळ कापलेलं आहे. कापून काढलेली चकतीच पहिल्यावर बसते. हा भरीव-पोकळ खेळच या जोडीचा जीव आहे, पण वस्तूच्या वर्णनात आम्ही तो एका ओळीतही सांगितला नव्हता आणि फोटो एकाच नगाचा होता. वर्णन आणि फोटो दोन्ही आता बदललेत. दुसऱ्या नगात वजन कमी होतं, त्यामुळे तो उलट बाजूला कलतो. त्याचं भोक डावीकडे घ्यावं लागेल.

दोन्ही नग कानात अडकवायच्या आकड्यांसकट परत पाठवा, पाठवणीचा खर्च आमचा. नवी जोडी नको असेल तर पूर्ण पैसे परत करू. ऑर्डर क्रमांक इथे न लिहिता आम्हाला संदेशातून कळवा.