अजेंडा आधी ठरलेला नसतो, तयारी मात्र असते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोफत आणि स्वयंसंघटित एजाइल मेळाव्यांवरच्या (एजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, सतत अभिप्राय घेत बनवण्याची पद्धत) लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. मुद्दे गंभीर आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वक्ते आणि अजेंडा नसल्यामुळे शनिवारची सकाळ गप्पांत जाते. फुकट म्हणून नोंदणी करणारे बरेचजण उगवतच नाहीत. जे येतात त्यांत सर्टिफिकेशन विकणारे असतात. ‘दोन पायांचा नियम’ (चर्चेतून काही मिळत नसेल तर उठून दुसरीकडे जा) आपल्याकडे कागदावरच राहतो, कारण कोणी मध्येच उठत नाही आणि मॅनेजरसमोर ज्युनिअर बोलत नाही. आणि एवढं करून हाती काही लागत नाही.

आधी अजेंड्याबद्दल, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच येतं. अशा मेळाव्यांची जी पद्धत जगभर वापरतात ती ओपन स्पेस. तिचे जनक हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये सुमारे २५० लोकांची परिषद भरवली होती. तयारीत वर्ष गेलं, आणि लोकांना सगळ्यांत उपयोगी वाटल्या त्या मधल्या कॉफीच्या सुट्ट्या. म्हणून १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे इथे त्यांनी खुर्च्या गोलात मांडल्या, भिंत मोकळी ठेवली आणि विषय जमलेल्यांनाच लावायला सांगितले. यात विषय तेवढे मोकळे असतात. वेळ, जागा आणि मांडण्याची रीत काटेकोर असते. तुम्ही वर्णन केलेला गप्पांचा फड जमतो तो बहुतेक वेळा ही रीत गाळल्यामुळे.

६० लोकांची अर्ध्या दिवसाची सभा धरू. ९ वाजता चहा, ९:३० ला सुरुवातीचं वर्तुळ, ९:५० पासून २५ मिनिटं विषय लावणं. मग ४५ मिनिटांची तीन सत्रं: १०:२०, ११:१० आणि चहानंतर १२:१०. एक वाजता समारोपाचं वर्तुळ, २५ मिनिटांत मोकळे. बसण्याच्या पाच जागा ठेवल्या तर भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या बोर्डवर १५ चौकोन होतात आणि एका चर्चेला सरासरी १२ माणसं येतात. बोलण्यासाठी हा आकडा चांगला आहे. २०च्या वर गेलं की निम्मे नुसते ऐकतात.

खुर्च्यांचा हिशोब आधी करा. दाटीवाटीने मांडली तरी एका खुर्चीला सुमारे ६० सेंटिमीटर लागतात, म्हणजे ६० खुर्च्यांच्या एकाच वर्तुळाचा परीघ ३६ मीटर आणि व्यास साधारण साडेअकरा मीटर. ऑफिसच्या कँटीनमध्ये एवढी मोकळी जागा क्वचित मिळते. तेव्हा आत २४ आणि बाहेर ३६ अशी दोन वर्तुळं करा आणि मध्यात जाण्यासाठी चार वाटा सोडा. टेबलं मात्र पूर्ण बाहेर काढा. टेबल राहिलं की त्यावर लॅपटॉप येतो आणि लॅपटॉपमागे माणूस हरवतो. सामान फार लागत नाही: १०० कोरे ए४ कागद, जाड टोकाचे डझनभर मार्कर (बॉलपेनने लिहिलेला विषय लांबून वाचता येत नाही), मास्किंग टेपचे तीन रोल, प्रत्येक जागेला एक फ्लिपचार्ट आणि एक घंटा. प्रोजेक्टर एकाच जागी ठेवा, तोही कोड दाखवायचा असेल तर. जिथे पडदा दिसतो तिथे आपोआप भाषण सुरू होतं.

सगळ्यांत जास्त मेहनत मागतो तो सभेचा मुख्य प्रश्न. ‘एजाइल: आज आणि उद्या’ अशा नावाखाली काहीही येतं आणि कशावरच नीट बोलणं होत नाही. त्याऐवजी ‘रिलीज महिन्यावरून आठवड्यावर आणताना नेमकं काय अडतं?’ असं विचारा. टेस्टिंगवाले, ऑपरेशन्सवाले (चालू यंत्रणा सांभाळणारे), प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारे), सगळ्यांच्या डोक्यात लगेच काहीतरी येतं. बोर्डवर लागणाऱ्या विषयालाही हेच लागू आहे. ‘स्क्रम’ (एजाइलची एक प्रचलित पद्धत) हा विषय नव्हे. ‘स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंग तुंबतं, तुम्ही काय करता?’ हा विषय (स्प्रिंट म्हणजे स्क्रममधला ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा). फॅसिलिटेटरने (सभा चालवणाऱ्याने) सुरुवातीलाच असे दोन नमुने मोठ्याने वाचून दाखवावेत. विषय लावणारा मध्यभागी येतो, कागदावर लिहितो, स्वतःचं नाव सांगतो, विषय एका वाक्यात मांडतो आणि रिकाम्या चौकोनात चिकटवतो. त्याने तज्ज्ञ असायची गरज नाही. प्रश्न त्याचा स्वतःचा असला की पुरे.

इथे आयोजक हमखास घाबरतात. पहिला माणूस उठेपर्यंत एक-दोन मिनिटं पूर्ण शांतता असते. ती भरून काढायला आयोजक आधीच ठरवून ठेवलेले चार ‘तज्ज्ञ’ विषय बोर्डवर लावतो, आणि तिथेच बाकीच्यांना कळतं की आपण प्रेक्षक आहोत. शांतता सहन करा. सहाच विषय आले तर दोन जागा चालवा, १५ चौकोन भरायचा आग्रह नको. दोन विषय सारखे वाटले म्हणून फॅसिलिटेटरने ते परस्पर एकत्रही करू नयेत. ज्यांनी लावले त्यांना एकमेकांशी बोलून ठरवू द्या, कारण मथळा सारखा असला तरी प्रश्न वेगळे असू शकतात.

न येणाऱ्यांबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. मोफत कार्यक्रमाला हे घडणारच हे धरूनच आखणी करायची. ठरलेल्या वक्त्यापुढे ६० रिकाम्या खुर्च्या असल्या तर कार्यक्रम पडतो. ओपन स्पेसला २५ जण आले तर तीन जागा चालतात आणि चर्चा बहुधा जास्त खोल होते. ‘जे आले तेच योग्य लोक’ हे ओपन स्पेसचं तत्त्व मनाची समजूत काढण्यासाठी नाही, त्याचा हा व्यावहारिक अर्थ आहे. तरी नुकसान टाळता येतं. दोन दिवस आधी ‘येताय का?’ असा एकच संदेश पाठवा. ‘नाही’ म्हणणं एका बोटाच्या कामाचं असू द्या आणि सुटलेली जागा प्रतीक्षा यादीला द्या. नाश्त्याची ऑर्डर या उत्तरांवरून द्या, नोंदणीच्या आकड्यावरून नको. खुर्च्या थोड्या कमीच मांडा, गरज पडली तर वाढवता येतात. रिकाम्या खुर्च्यांचं वर्तुळ मात्र आलेल्यांचाही उत्साह घालवतं.

नाममात्र शुल्क घ्यावं ही तुमची सूचना मला पटत नाही. शंभर रुपये घेतले की हिशोब, परतावा आणि पावत्या मागे लागतात. त्याहून वाईट म्हणजे पैसे भरलेला माणूस ‘मला काय दाखवताय?’ या भावनेने येतो. मोफत चालण्यासाठी जागा आणि चहा कोणीतरी प्रायोजित करतं तेवढं पुरतं. कंटिन्युअस इंटिग्रेशन (सगळ्यांचा कोड सतत एकत्र करून तपासणं) आणि टेस्टिंगवरची सिटकॉन ही परिषद २००६ मध्ये शिकागोत सुरू झाली ती याच रीतीने: प्रवेश मोफत, विषय शुक्रवारी संध्याकाळी लावायचे, चर्चा शनिवारी.

विकणाऱ्यांचा बंदोबस्त प्रायोजकापासूनच सुरू होतो. प्रायोजकाला लेखी कळवा: प्रवेशाजवळ फलक, सुरुवातीला आभाराचं एक वाक्य, सत्र नाही, आणि उपस्थितांचे ईमेल किंवा फोन नंबर नाहीत. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण मोफत सभेची खरी किंमत बऱ्याचदा त्या यादीच्या रूपात वसूल केली जाते. प्रशिक्षण विकणाऱ्याला इतरांसारखाच बोर्डवर विषय लावायचा हक्क आहे, पण तो प्रश्न असला पाहिजे. ‘अमुक सर्टिफिकेशनचे फायदे’ असा कागद आला तर फॅसिलिटेटरने तिथेच, सगळ्यांसमोर आणि नम्रपणे विचारावं, ‘यात तुमचा प्रश्न कोणता?’

आता तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. जिथे आपण शिकत नाही आणि शिकवतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावं, हा दोन पायांचा नियम. आपल्याकडे बोलणाऱ्यासमोरून उठणं हा त्याचा अपमान वाटतो, हे अगदी खरं आहे. भिंतीवर नियमाचं पोस्टर लावून हे बदलत नाही. उठण्याला निमित्त द्यावं लागतं. सत्राच्या विसाव्या मिनिटाला सगळीकडे ऐकू जाईल अशी घंटा वाजवा आणि सुरुवातीलाच सांगा की ही घंटा जागा बदलण्यासाठी आहे. उठणारा तेव्हा एकटा पडत नाही. विषय लावणाऱ्याने पहिलंच वाक्य म्हणावं: ‘मध्येच गेलात तर मला राग येणार नाही.’ आणि बसण्याच्या जागा शक्यतो उघड्यावर, एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा. बंद दाराच्या मीटिंग रूममधून बाहेर पडणं जड जातं.

मॅनेजरसमोर ज्युनिअर गप्प राहतो त्यावर नियम चालत नाही, रचना चालते. बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव लिहा, पद आणि कंपनी नको. बोलण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी कार्डावर मुकाट्याने लिहायचं. मग कार्डं गोळा करून मिसळा आणि कोणीही कोणाचंही वाचा. चर्चा एक-दोघांच्याच हाती गेली असेल तर फिशबोल करा: मध्ये पाच खुर्च्या, त्यातली एक कायम रिकामी, बाकीचे भोवती. बोलायचं असेल त्याने रिकामीवर बसायचं, की आधीच्यांपैकी एकाने उठायचं. वरिष्ठाला उठावं लागतं आणि त्यात कोणाचा मान जात नाही. भाषेचंही बघा. विषयाच्या कागदावर कोपऱ्यात ‘मराठी’, ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ लिहून टाकलं की इंग्रजीत अडखळणारा चांगला टेस्टर मोकळेपणी बोलतो. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे निम्म्या खोलीला एकमेकांचं मराठी सहज कळतं, तिथे ही सोय न करणं म्हणजे त्या माणसाचा अनुभव वाया घालवणं.

तुम्ही न लिहिलेली एक अडचण मी जोडतो, कारण सर्व्हिस कंपन्यांमधले (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) लोक तिच्यामुळेच तोंड उघडत नाहीत: क्लायंटशी झालेला गोपनीयतेचा करार. यावर लंडनच्या चॅटम हाउस या अभ्याससंस्थेचा नियम सुरुवातीला वाचून दाखवा. ऐकलेली माहिती वापरा, पण ती कोणी सांगितली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे बाहेर सांगू नका. त्याने करार सैल होत नाही, म्हणून क्लायंटचं नाव, आकडे आणि स्क्रीनशॉट तरीही नकोतच. ‘एका बँकेच्या प्रकल्पात’ एवढं पुरतं. फोटो काढायचे ते फ्लिपचार्टचे, माणसांचे विचारून.

नवशिक्याला यात काही मिळत नाही, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंत. ज्याला टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट (आधी टेस्ट, मग कोड लिहिण्याची पद्धत) मुळापासून शिकायचं आहे त्याने ओपन स्पेसला येऊ नये, कोडरिट्रीटला, म्हणजे दिवसभराच्या कोडिंग सराव शिबिराला जावं. तेही मोफत आणि समुदायानेच चालवलेलं, पण साचा घट्ट. पहिलं जानेवारी २००९ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला झालं. प्रश्न एकच, गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा चौकटींच्या जाळ्यावरचा ‘गेम ऑफ लाइफ’, ज्यात प्रत्येक चौकट म्हणजे एक पेशी: जिवंत पेशीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती जगते, नाहीतर मरते, आणि मृत पेशीला नेमके तीन असले तर ती जिवंत होते. जोडीने ४५ मिनिटं टेस्ट आधी लिहून कोड करायचा, मग सगळा पुसायचा, जोडीदार बदलायचा, पुन्हा शून्यापासून. दिवसभरात पाच-सहा फेऱ्या. हे बिघडतं ते दोन ठिकाणी. टेस्ट फ्रेमवर्क (टेस्ट चालवणारं साधन) घरून चालू करून आणलेलं नसतं, त्यामुळे पहिली फेरी इन्स्टॉल करण्यातच जाते. आणि कोणीतरी कोड पुसायला तयार नसतो, मग पुढच्या फेरीत तो शिकत नाही, अर्धवट राहिलेलं पूर्ण करत बसतो.

‘हाती काही लागत नाही’ यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. टोरांटोतल्या एजाइल २००८ परिषदेत अँड्र्यू शेफर यांनी ‘एजाइल इन्फ्रास्ट्रक्चर’वर (सर्व्हर आणि यंत्रणा सांभाळण्यात एजाइल वापरण्यावर) ऐनवेळच्या चर्चेचा विषय लावला. आले एकटे पॅट्रिक देब्वा. प्रतिसाद नाही असं समजून शेफर स्वतःही फिरकले नव्हते. देब्वांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि बोलणं झालं. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये देब्वांनी बेल्जियममधल्या गेंटला पहिलं डेव्हऑप्सडेज भरवलं आणि डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणारे आणि ते चालवणारे यांनी एकत्र काम करणं) हा शब्द तिथून पसरला. डेव्हऑप्सडेजच्या कार्यक्रमात आजही ओपन स्पेसला राखीव वेळ असतो.

प्रत्येक सभेतून एवढं निघणार नाही, पण जे निघतं ते टिकवण्याची सोय हवीच. प्रत्येक फ्लिपचार्टवर आधीच चार रकाने आखून ठेवा: प्रश्न काय होता, कोणकोणते उपाय आले, कुठे मतभेद राहिले, सोमवारी कोण काय करून बघणार. शेवटच्या रकान्यात पहिलं नाव लिहायचं, तेही ज्याची इच्छा असेल त्याने. समारोपाच्या वर्तुळात फक्त हा रकाना वाचला जातो, बाकीच्याचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर जातो. सहा आठवड्यांनी त्या ग्रुपवर एकच प्रश्न टाका: केलं का, काय झालं?

तुमच्या शहरात हे करून बघायचं असेल तर थेट ६० लोकांपासून सुरू करू नका. २००९ मध्ये सिएटलला जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी सुरू केलेली लीन कॉफी आठ-दहा जणांना पुरते आणि तिला कॅफेतलं एक टेबल लागतं. प्रत्येकाने विषय चिठ्ठीवर लिहायचे, दोन-दोन मतं द्यायची, सर्वाधिक मतांचा विषय आधी. आठ मिनिटांचा टायमर लावा. तो वाजला की अंगठे: वर म्हणजे आणखी चार मिनिटं, खाली म्हणजे पुढचा विषय. दर महिन्याचा आठवडा आणि वार ठरवा, आणि तीनच जण आले तरी ती रद्द करू नका.