स्टेशनवरची रिकामी गाडी आपल्याला का मिळत नाही? (प्रतिक्रियेला उत्तर)

ॲपवरून बुक होणाऱ्या गाड्यांबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. ड्रायव्हर मुद्दाम स्टेशनजवळ गर्दी करतात आणि जवळची भाडी नाकारतात. ॲपने सरळ सर्वांत जवळची गाडी द्यावी. आणि गर्दीच्या वेळी ॲप लावतं तो वाढीव दर ही लूट आहे, त्याने सोलापुरात एकही गाडी जास्त येत नाही.

शेवटच्या मुद्द्यात तुमचं बरंच बरोबर आहे, मूळ लेखात मी तो नीट मांडला नव्हता. वाढीव दर अनेकदा काही मिनिटांतच उतरतो. जुळे सोलापूरहून ड्रायव्हर सात रस्त्याला पोहोचेपर्यंत ॲपच्या नकाशावर वाढीव दराचा भाग दाखवणारा लाल रंग गेलेला असतो. शिवाय एकाच लाल पट्ट्याकडे पाच जण धावले, तर त्यांच्या येण्यानेच तो विझतो. म्हणून मुरलेले ड्रायव्हर त्याच्यामागे लागत नाहीत.

तरीही वाढीव दराला लूट म्हणणं मला पटत नाही, कारण त्याचं खरं काम वेगळं आहे. समजा शहरात २० गाड्या आहेत, सरासरी फेरी १५ मिनिटांची आणि पिकअपला, म्हणजे प्रवाशापर्यंत पोहोचायला, ५ मिनिटं. म्हणजे एका गाडीच्या तासाला ३ फेऱ्या, सगळ्यांच्या मिळून ६०. आता गर्दी झाली, जवळच्या गाड्या संपल्या, ॲप लांबच्या गाड्या पाठवू लागलं आणि पिकअप १५ मिनिटांवर गेलं. तासाला फेऱ्या उरल्या ४०. मागणी वाढली त्याच वेळी क्षमता एक तृतीयांशाने घटली! गाड्या रिकाम्याच पळत राहतात, लोक वाट पाहून बुकिंग रद्द करतात आणि ड्रायव्हरचं इंधन फुकट जातं. दर वाढला की ज्यांना घाई नाही ते थांबतात, मोजक्या गाड्या जवळच्या भाड्यांसाठी मोकळ्या राहतात. दराला कमाल मर्यादा मात्र हवीच. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ती २०२० साली मूळ भाड्याच्या दीडपट होती, २०२५ साली दुपटीपर्यंत नेली.

‘सर्वांत जवळची गाडी’ हेही वाटतं तितकं सरळ नाही. रुळांच्या पलीकडची गाडी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण तिला पुलावरून वळसा घालून यावं लागतं. म्हणून अंतराऐवजी पोहोचायला लागणारी मिनिटं मोजावी लागतात. काही ॲप तर बुकिंग येताक्षणी गाडी न देता काही सेकंद थांबून चार-पाच मागण्या एकत्र जुळवतात. एखाद्याला दोन मिनिटं जास्त थांबावं लागतं, पण सगळ्यांची मिळून वाट कमी होते.

आता स्टेशनच्या गर्दीबद्दल. ड्रायव्हर तिथे थांबतो, कारण तिथे दोन्ही बाजूंचं भाडं मिळतं. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसचे प्रवासी सोडायचे आणि मुंबईहून आलेल्या वंदे भारतचे उचलायचे, मध्ये रिकामा किलोमीटर नाही. याउलट रात्री अक्कलकोट रोड एमआयडीसीत सोडलं, तर परतीचं भाडं मिळणं कठीण. ‘मालक, कुठं जायचंय?’ हा फोन याच हिशोबातून येतो. तासभर स्टेशनवरच्या रांगेत थांबून नवी पेठेचं छोटं भाडं निघालं, तर त्याचा तास वाया जातो. नाकारणं चूकच, प्रवाशाला त्रास होतो. पण नुसत्या दंडाने हे थांबत नाही. दंड टाळायला तो ॲपच बंद करतो किंवा तुम्हालाच ‘रद्द करा’ म्हणतो.

उपाय रांगेतच आहे. छोटं भाडं करून ठरलेल्या वेळेत परतणाऱ्याला पुन्हा शेवटी न लावता पुढे घ्यायचं. अमेरिकेतल्या काही विमानतळांवर हे चालतं. दुसरं, लांबच्या पिकअपचे पैसे वेगळे द्यायचे आणि ते भाडं स्वीकारण्याआधी ड्रायव्हरला दाखवायचे. तिसरं सोलापूरसाठी सर्वांत सोपं आहे. इथली गर्दी बहुतेक रेल्वेगाड्यांच्या वेळेला बांधलेली असते. तेव्हा लाल नकाशाची वाट न पाहता रेल्वेची प्रत्यक्ष वेळ वीस मिनिटं आधी ड्रायव्हरला कळवावी. रेल्वे चाळीस मिनिटं उशिरा असेल, तर तेवढ्या वेळात विजापूर रोडचं एक भाडं करून तो परत येऊ शकतो.