एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: यूपीएसवर काय घेतलं आणि काय मुद्दाम सोडलं

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल सकाळी तुमच्या पॅनलचे फोटो काढले, काम केलेल्या आमच्या मुलाला समोर बसवून सगळं विचारलं आणि मगच लिहायला घेतलं. इथे भोसरी-चाकणचे बरेच शॉपवाले वाचतात, म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. यूपीएस बसवूनही लाईट गेल्यावर व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, थांबलं. लाईट आल्यावर सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरने झेड, म्हणजे वर-खाली होणारं हेड, वर घेतला, तेव्हा आटे पाडायचा एम १२ चा टॅप तुटला आणि कास्टिंग स्क्रॅप झालं. झेडच्या ब्रेकची वायर आम्ही यूपीएसवर घेतलीच नाही, म्हणजे काम अर्धवट केलं. आणि गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी मशीन चालू केलं तर होम पोझिशन, म्हणजे मशीनची शून्याची जागा, गेलेली, त्यासाठी बाहेरचा इंजिनिअर बोलवावा लागला.

टॅपच्या आणि होम पोझिशनच्या बाबतीत चूक आमची आहे, ती खाली लिहितो. ब्रेकची वायर मात्र मी विचार करून सोडली आहे, आणि उद्या पुन्हा काम दिलंत तरी सोडीन.

आधी ब्रेकचंच सांगतो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून कुणी आपल्या मशीनची वायर बदलली तर घात होईल. झेडच्या मोटरचा ब्रेक स्प्रिंगवर लागतो. २४ व्होल्ट मिळाले की तो सुटतो, व्होल्टेज गेलं की स्प्रिंग पकडते. लाईट जाते त्या क्षणी मोटरची ताकद संपते आणि शे-दीडशे किलोचं हेड फक्त ब्रेकच्या भरवशावर राहतं. अशा वेळी ब्रेकला यूपीएसमधून २४ व्होल्ट मिळत राहिले तर तो उघडाच राहणार. कंट्रोलरला ड्राइव्हचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटचा, अलार्म दिसेल, मग तो ब्रेक सोडायची आज्ञा बंद करेल, पण तेवढ्या वेळात हेड खाली सरकलेलं असेल. खाली टूल असतं, जॉब असतो, कधी कधी जॉब लावणाऱ्या सेटरचा हातही असतो. म्हणून ब्रेक मेन लाईनच्या एसएमपीएसवर, म्हणजे २४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर, ठेवला आहे. तो एसएमपीएसही लाईट गेल्यावर थोडा वेळ, साधारण एक सायकल म्हणजे २० मिलिसेकंद, तग धरतो. नुसतं त्याच्यावर सोडायला नको म्हणून फेज फेल्युअर रिलेचा, म्हणजे लाईन गेली की सर्किट तोडणाऱ्या रिलेचा, काँटॅक्ट ब्रेकच्या लाईनमध्ये सिरीजमध्ये घातला आहे. तुमच्या पॅनलमध्ये उजवीकडे वरच्या रेलवर पिवळं लेबल लावलेला रिले दिसेल, तो हाच. त्या रात्री तुमचं हेड जागेवर थांबलं, ते यामुळेच.

आता मशीन का थांबलं ते. आम्ही दिलेला यूपीएस २४ व्होल्ट डीसीचा आहे, आत १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या. त्यावर कंट्रोलर, स्क्रीन आणि पीएलसीचे इनपुट (मशीनच्या स्विच-सेन्सरचे सिग्नल) एवढंच आहे. बसवताना क्लॅम्प मीटरवर साडेचार अँपिअर आले होते, त्या लोडला बॅटरी अर्धा तास सहज काढते. टूल फिरवणारा स्पिंडल आणि ॲक्सिस हलवणाऱ्या सर्व्हो मोटरी ४१५ व्होल्ट थ्री फेजवर आहेत, ते लाईट गेली की थांबणारच. अख्खं व्हीएमसी चालवणारा मोठा यूपीएस विकायला मला आवडलं असतं, धंदाच आहे. पण तुमच्या स्पिंडलचा ड्राइव्ह ब्रेकिंग करताना करंट उलटा लाईनमध्ये ढकलतो, आणि साधे यूपीएस तो उलटा करंट घेत नाहीत, ट्रिप होतात. तुम्ही माझ्याकडे आलात ते गेल्या पावसाळ्यात लाईट गेल्यावर कंट्रोलरची हार्ड डिस्क करप्ट होऊन सगळे प्रोग्रॅम गेले म्हणून. त्या रात्री कंट्रोलर ५ मिनिटं चालू राहून नीट शटडाऊन झाला, एकही प्रोग्रॅम गेला नाही. पण "बॅकअप" हा शब्द मी दहा वेळा वापरला आणि कशाचा बॅकअप ते एकदाही नीट बोललो नाही. तुम्ही मशीन चालत राहील असं समजलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

टॅपचं मनाला लागलं. टॅपिंगच्या मधोमध लाईट गेली तर टॅप वाचेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. तुमचा मात्र वाचला होता, नुसता अडकला होता. तुटला तो झेड सरळ वर ओढल्यावर. ऑपरेटरला काही बोलू नका, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. फर्स्ट शिफ्टच्या सेटरला दाखवून आम्ही निघून आलो, रात्रीच्या पोराचा विचारच केला नाही. अशा वेळी टॅप धरणाऱ्या कोलेटचा नट सैल करायचा, मगच झेड वर घ्यायचा, म्हणजे टॅप जॉबमध्ये उभा राहतो. मग टॅप हँडल लावून हाताने उलटा फिरवत काढायचा, थोडं तेल सोडायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

होम पोझिशनचा यूपीएसशी संबंध नाही, पण आमच्याशी आहे. मेन बंद असताना ॲक्सिस कुठे आहे हे लक्षात ठेवायला एन्कोडरची, म्हणजे मोटरवरच्या जागा मोजणाऱ्या सेन्सरची, वेगळी छोटी बॅटरी असते, ती साधारण वर्षाला बदलावी लागते. आमचा मुलगा काल म्हणाला की बसवताना स्क्रीनवर बॅटरीचा इशारा लुकलुकताना त्याने पाहिला होता. आपलं काम नाही म्हणून तो गप्प राहिला. एक वाक्य बोलला असता तर तुमची शुक्रवारची शिफ्ट गेली नसती. त्या इंजिनिअरचं बिल मला पाठवा, ते मी भरतो. टॅप आणि कास्टिंगचे पैसेही पुढच्या सर्व्हिसमधून वळते करा.

येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला मी स्वतः येतो. सुट्टी असली तरी दोन्ही शिफ्टच्या पोरांना यायला सांगा, मशीनवर टॅप अडकवून तो काढून दाखवतो आणि तेच मराठीत लिहून पॅनलच्या दारावर चिकटवतो. एन्कोडरची बॅटरी बाहेरच्या इंजिनिअरने बदलली नसेल तर तीही घेऊन येतो. फक्त बुधवारी रात्री जाताना मेन स्विच बंद करू नका. ती बॅटरी कंट्रोलर चालू असतानाच बदलावी लागते, नाहीतर होम पुन्हा जाईल.